शिवारफेरी: खान्देशातील शाळांसाठी वर्षभराच्या निसर्गशिक्षणाची आखणी

आमच्या शाळेची पहिली निसर्गसहल एका धरणावर गेली होती. दोन बस, शंभराहून अधिक मुले, सहा शिक्षक, पहाटे निघून रात्री परत. दुसऱ्या दिवशी मुलांकडून निबंध लिहून घेतला, तेव्हा बहुतेक वह्यांत बसमधील गाणी, वाटेतील वडापाव आणि परतीच्या प्रवासात कोणाला उलटी झाली, एवढाच मजकूर सापडला. धरणाच्या पाण्यावर त्या दिवशी बदकांचे मोठे थवे उतरले होते. त्यांचा उल्लेख तीन वह्यांत होता आणि त्यांपैकी दोघांनी त्यांना बगळे म्हटले होते. चूक आखणीची, म्हणजे माझी होती. ज्या जागी मूल पहिल्यांदाच आणि बहुधा शेवटचेच जात आहे, तेथे ते गोंधळून सगळीकडे पाहते आणि काहीच लक्षात ठेवत नाही.

त्यानंतर आम्ही सहल वर्षाच्या शेवटी ढकलली आणि त्याआधी एकाच जागी, शाळेजवळच्या एका नाल्यावर, वर्षभरात चौदा फेऱ्या केल्या. या लेखात त्या पद्धतीची पायरीपायरीने मांडणी केली आहे. ती प्रामुख्याने पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील हवामान, जमीन व शालेय वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचवले आहे. वेळापत्रकात जागा कोठून काढायची असा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारल्यास पहिले उत्तर तेथे आहे, आणि दुसरे उत्तर असे की विज्ञान, भूगोल व गणिताचे कितीतरी पाठ या फेऱ्यांतच शिकवून होतात.

जागा कशी निवडावी

जागा शाळेच्या फाटकापासून मुलांच्या चालीने पंधरा मिनिटांच्या आत असावी. यापेक्षा दूर गेल्यास दोन तासिकांत जाऊन येणे जमत नाही, वाहन लागते, वाहन आले की खर्च येतो, आणि खर्च आला की चौदा फेऱ्यांच्या दोनच उरतात. नाल्याचा काठ, पाझर तलाव, गायरान, जुनी आमराई, पडीक शेत यांपैकी काहीही चालते. मी जागा ठरवताना तीन गोष्टी पाहतो: निदान सहा महिने टिकणारे पाणी, शेजारी शेजारी दोन प्रकारची जमीन (उदाहरणार्थ काळी माती आणि उघडा मुरूम), आणि ज्याच्या सावलीत सगळा वर्ग बसेल असे एखादे मोठे झाड. जागा सुंदर असण्याची गरज नाही. प्लास्टिक पडलेला, एका बाजूने वेडी बाभूळ माजलेला नाला हा शिकवण्याच्या दृष्टीने सजवलेल्या बागेपेक्षा कितीतरी समृद्ध असतो.

शहरातील शाळांची अडचण मोठी असली तरी मार्ग आहे. जळगावात मेहरूण तलावाचा काठ आणि धुळ्यात नकाणे तलावाचा परिसर जवळच्या शाळांना उपयोगी पडतो. पांझरेच्या खोऱ्यातील ज्या गावांत जुन्या फड बागायतीचे बंधारे व पाट अजून वापरात आहेत, तेथील शिक्षकांनी दुसरी जागा शोधूच नये. शेकडो वर्षे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेतलेली ही पद्धत आहे. तिच्यात बंधारा, पाट, फडात घ्यायचे एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी आणि पिकावर नजर ठेवणारा जागल्या अशी पूर्ण व्यवस्था आहे, आणि पाटाच्या कडेने चालत गेल्यास ती मुलांना डोळ्यांनी दिसते.

जागा निश्चित करण्यापूर्वी शिक्षकाने तेथे किमान तीनदा एकट्याने, आणि एकदा गावातील माहीतगार माणसाबरोबर जावे. गुराखी असल्यास उत्तम, कारण त्याला दिवसाचे सगळे तास ठाऊक असतात. या पाहणीत कठडा नसलेल्या विहिरी, वाळू उपसल्याने नदीपात्रात झालेले खोल खड्डे, मोठ्या झाडांवरील किंवा पुलाखालील आग्या मोहोळे, शेताच्या कुंपणात सोडलेली वीज, मोकाट कुत्री आणि मोबाईलला रेंज मिळण्याची ठिकाणे यांचा कच्चा नकाशा काढावा. वाळूचे खड्डे विशेष घातक असतात. पात्रात घोट्याएवढे पाणी दिसते आणि पुढचे पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडते. असा खड्डा असलेली जागा कितीही चांगली वाटली तरी सोडून द्यावी.

परवानग्या आणि पालक

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एकदा नीट केला की वर्षभर पुरतो. मुख्याध्यापकांची वर्षभराच्या फेऱ्यांना एकत्रित लेखी मंजुरी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतील नोंद, खाजगी शेत असल्यास मालकाची आणि गायरान असल्यास ग्रामपंचायतीची संमती, आणि प्रत्येक पालकाचे संमतीपत्र घ्यावे. जागा वनहद्दीत येत असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. वनरक्षकाशी तोंडी बोलणे झाले आहे, एवढ्यावर जाऊ नये.

संमतीपत्रात मुलाला दमा, फिट, मधमाशीच्या दंशाची किंवा अन्य कशाची ॲलर्जी आहे का, कोणते औषध चालू आहे आणि दिवसा फोन कोण उचलेल, हे विचारावे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील दोघेही शेतात असतात आणि फोन घरी असतो. छायाचित्रे कोठे वापरणार हेही त्याच पत्रात स्पष्ट लिहावे.

पालकसभेत 'पोरं शाळेत शिकायला पाठवतो, नाल्यावर फिरायला नाही' असे कोणीतरी म्हणतेच. त्यावर भाषण देण्यात अर्थ नसतो, त्या पालकाला पुढच्या फेरीला सोबत बोलवावे. आमच्याकडे असे म्हणणाऱ्या एका शेतकऱ्याने मुलांना मातीचा कस हाताने चोळून कसा ओळखतात ते दाखवले आणि पुढे तो न बोलावताही येऊ लागला.

खान्देशाच्या ऋतूंप्रमाणे वेळापत्रक

छापील पुस्तकांतील निसर्गदिनदर्शिका बहुधा कोकण किंवा पश्चिम घाट समोर ठेवून केलेल्या असतात. आपल्याकडे मार्चच्या मध्यानंतर सकाळी दहानंतर मुलांना उघड्यावर नेणे योग्य नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. म्हणून वेळापत्रक आपल्या उन्हाभोवती बांधावे लागते.

जून-जुलैतील पहिल्या दोन फेऱ्या पावसावर ठेवाव्यात. सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली वरून कापून, तिचे तोंड उलटे बसवून, तळातील गोलाई सपाट होईपर्यंत पाणी भरून तेथे शून्याची खूण केली की पर्जन्यमापक तयार होतो. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला पाऊस मोजतो, मुलांनीही तीच वेळ पाळावी आणि आपली नोंद महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन गावांच्या अंतरावर पाऊस किती बदलतो हे मुलांना आणि, खरे सांगायचे तर, शिक्षकांनाही पहिल्यांदाच कळते. याच दिवसांत चातक येतो आणि ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरताना दिसतात.

ऑगस्ट-सप्टेंबर हा सुगरणीचा हंगाम. विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेल्या बाभळीला टांगलेली घरटी पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा मोजावीत आणि अर्धवट सोडलेली व पूर्ण झालेली अशी वेगळी नोंद करावी. घरटे नर विणतो, अर्धे झाल्यावर मादी ते पाहून जाते, तिला पसंत पडले तर तो पुढे विणतो, नाही तर सोडून देतो. हे वाचून दाखवण्याआधी मुलांना आकडे जमवू द्यावेत आणि अर्धवट घरटी इतकी का, याचा तर्क त्यांनाच करू द्यावा. तिसऱ्या मोजणीनंतर कारण सांगितले की वर्गात जो गलका होतो तो थांबवू नये. लिंबूच्या झाडावर याच काळात पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडतात. त्या तशाच झाडावर ठेवून, दर दोन दिवसांनी एका गटाने पाहून येण्याची पाळी लावल्यास अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास महिनाभरात हाती लागतो. रुईवरही फुलपाखरांच्या अळ्या असतात, पण रुईचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होते, म्हणून लहान वर्गांना लिंबूच बरे.

या दोन महिन्यांत टाकळा, कुरडू, घोळ, काटेमाठ अशा रानभाज्याही भरपूर असतात. ओळखण्याचे काम मुलांना द्यावे, खाण्याचा निर्णय मात्र घरच्या जाणत्या बाईनेच घ्यावा.

ऑक्टोबरमध्ये गवताला बी येते, कोळ्यांची जाळी दवाने उठून दिसतात आणि नाल्याचे पाणी निवळते. दिवाळीच्या सुट्टीचा विचार येथे करावा लागतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, असा तो जोडलेला आहे. पण तो अनेकदा सुट्टीतच सापडतो, आणि मग शाळा केवळ अहवालापुरता साजरा करतात. त्यापेक्षा पक्षीगणना डिसेंबरमध्ये ठेवलेली चांगली. तोपर्यंत हिवाळी पाहुणे स्थिरावलेले असतात, ज्वारी दाण्यावर आलेली असते आणि तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरत असतात. शेतकऱ्याला भोरडी नकोशी वाटते, तरी हाच पक्षी टोळ व नाकतोडेही फस्त करतो. या दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवाव्यात आणि निवाडा घाईने देऊ नये.

जानेवारीत एक फेरी संध्याकाळी, पालकांसह घ्यावी. गावाबाहेर अर्धा तास अंधारात बसल्यावर मृग नक्षत्र दिसते आणि पिंगळ्याचा आवाज ऐकू येतो. फेब्रुवारी-मार्च पळसाचे आणि काटेसावरीचे. पानांशिवाय फुललेल्या पळसाखाली वीस मिनिटे शांत बसून कोणता पक्षी किती वेळा आला, हे लिहून काढावे. शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल असे पाहुणे मोजताना परागीभवनाचा धडा आपोआप होतो. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत, साडेसहा ते आठ या वेळात, शेवटच्या दोन फेऱ्या घ्याव्यात आणि त्यांचा विषय पाणी ठेवावा: नाल्यात ते कोठे उरले, कोणकोण तेथे येते, काठावर कोणाचे ठसे आहेत.

एक फेरी प्रत्यक्षात कशी घ्यावी

नव्वद मिनिटे आणि तीस मुले असा हिशोब धरू. प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठे माणूस आवश्यक आहे. शिक्षक कमी असल्यास पालक किंवा अंगणवाडीताईंची मदत घ्यावी, आणि मुली असलेल्या गटाबरोबर एक तरी महिला असावी. मुलांचे पाच-पाचांचे सहा गट करून ते वर्षभर कायम ठेवावेत.

पहिली दहा मिनिटे वर्गातच जातात. आजचा एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. 'निसर्गाचे निरीक्षण करा' हा प्रश्न होत नाही. 'नाल्याच्या सावलीच्या आणि उन्हाच्या बाजूला सारख्याच वनस्पती आहेत का?' हा प्रश्न होतो. हजेरी घेऊन, बाटल्या व टोप्या पाहून निघावे. चालताना पुढे एक आणि शेवटी एक मोठे माणूस असावे, शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही राहू नये.

जागेवर पोहोचल्यावर झाडाखाली बसून पाच मिनिटे डोळे मिटून आवाज ऐकायचे. मग वहीत मध्यभागी स्वतःची खूण करून, ज्या दिशेने आणि जितक्या अंतरावरून आवाज आला तेथे तो लिहायचा. हा आवाजाचा नकाशा दर फेरीला काढावा. दृष्टीची अडचण असलेली मुले या कामात इतरांना मागे टाकतात, त्यामुळे त्यांना गटात मानाचे स्थान मिळते. पंपाचा, ट्रॅक्टरचा, लाऊडस्पीकरचा आवाजही नकाशात यायलाच हवा.

नंतरची पस्तीस-चाळीस मिनिटे गटाने कामाची. वरच्या प्रश्नासाठी चार मीटर सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन करून तो एकदा सावलीत व एकदा उन्हात टाकावा आणि आत किती प्रकारच्या वनस्पती, किती रोपे, किती कीटक ते मोजावे. नाव माहीत नसल्यास पानाचे चित्र काढून 'अ', 'ब' अशी खूण द्यावी. शिक्षकाने या वेळात उत्तरे देत फिरू नये. सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे. मला ती जमायला दोन वर्षे लागली. मूल धावत येऊन 'सर, हे काय आहे?' असे विचारते तेव्हा नाव सांगितले की ते वही मिटून परत जाते. 'त्याचे पाय किती आहेत?' असे उलट विचारले की ते पुन्हा पाहायला जाते.

शेवटची पंधरा मिनिटे पुन्हा झाडाखाली. प्रत्येक गटाने आपले आकडे वाचायचे, फरक पडल्यास का पडला यावर वाद घालायचा. सोबत आणलेले काही तेथे राहिले नाही आणि तेथील काही खिशात आले नाही, हे पाहून, हजेरी घेऊन परतावे.

वही, नावे आणि खरेपणा

प्रत्येक मुलाची एक साधी वही वर्षभर पुरावी. पानाच्या वर तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा आणि जागा. डावीकडे पाहिलेले, उजवीकडे त्यावरून पडलेले प्रश्न. चित्र सुबक नसले तरी चालेल. लाल शाईने शुद्धलेखन तपासू नये, कारण मग मूल केवळ लिहिता येणाऱ्या शब्दांपुरतेच पाहू लागते.

नावांबाबत खान्देश भाग्यवान आहे. एकाच वर्गात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, मावची, तडवी बोलणारी मुले असतात आणि एका झाडाला चार नावे निघतात. ती चारही वहीत लिहावीत, प्रमाण मराठी नाव पाचवे म्हणून खाली यावे. एकदा टाकळा की तरोटा यावर आमच्या दोन गटांचे चांगलेच भांडण झाले. निकाल लावण्यासाठी मुले दोन्हीकडच्या आज्यांकडे गेली आणि परत आली ती भाजीच्या दोन वेगवेगळ्या कृती घेऊन. सातपुड्याच्या पाड्यांतून आलेली मुले वर्गात गप्प असली तरी झाडांच्या नावांत पुढे असतात. त्यांना 'सांगणारे' म्हणून उभे करण्याची संधी फेरीत सहज मिळते.

वहीचा एकच कडक नियम असावा: जे दिसले तेच लिहायचे, जेथे आणि जेव्हा दिसले तसेच. तो समजावण्यासाठी मी रानपिंगळ्याची हकिगत सांगतो, आणि ती आपल्याच मातीतील आहे. या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झाले आणि १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत आपण तो मिळवल्याचे नोंदवून ठेवले होते. पुढे अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपास केला, तेव्हा तो नमुना जुन्याच संग्रहातून चोरलेला आणि त्यावरील चिठ्ठी बनावट असल्याचे उघड झाले. ती खोटी नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. एका खोट्या ओळीने माणसे किती भटकू शकतात, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. सहावीतल्या एका मुलाने ही गोष्ट ऐकल्यावर मागची पाने उलटून आपल्या वहीतील एक 'मोर' खोडला होता.

दोन सोपी मोजमापे

तळ कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे रोवून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. गायरानातील तुडवलेली जमीन, झाडाखालची पालापाचोळ्याची जमीन आणि नांगरलेले शेत अशा तीन ठिकाणी हा प्रयोग केला की पाणी कोठे मुरते आणि कोठे वाहून जाते हे कळते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, जेथे भूजल वर्षानुवर्षे खोल जात आहे, तेथील मुलांना या मिनिटांचा अर्थ फार सांगावा लागत नाही.

दुसरे मोजमाप तापमानाचे. मार्चमध्ये सकाळी साडेसातला आणि साडेदहाला निंबाखाली, उघड्या मातीवर आणि डांबरी रस्त्याच्या कडेला थर्मामीटर ठेवून नोंद घ्यावी. साडेदहाची नोंद शिक्षकाने किंवा दोन मोठ्या मुलांनीच घ्यावी. तापमापी पाऱ्याची नसावी, ती फुटते.

सुरक्षितता

आपल्या भागात सर्वाधिक दुर्लक्षित धोका फवारणीचा आहे. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर कीटकनाशके फवारली जातात. ताज्या फवारलेल्या शेतातून किंवा त्याच्या वाऱ्याच्या दिशेने वर्ग नेऊ नये. आदल्या संध्याकाळी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारून घ्यावे. बांधावर टाकलेल्या रिकाम्या डब्या-बाटल्यांना कोणी हात लावणार नाही, हे पहिल्याच फेरीत बजावावे.

दुसरा धोका खाण्याचा. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होण्याच्या घटना गावोगाव घडलेल्या आहेत. एरंड, धोतरा, गुंज आणि पिवळी कण्हेर यांचीही ओळख आधी करून द्यावी. खाजकुयली व बिब्बा दुरूनच दाखवावेत.

साप दिसल्यास थांबून, मागे सरून त्याला जाऊ द्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे आढळतात. दंश झालाच तर मुलाला आडवे करून धीर द्यावा, कडे-बांगडी-बूट काढावेत, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने हलू न देता ठेवावा आणि १०८ क्रमांकावर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. आवळून बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, हे वर्षाच्या सुरुवातीला स्वतः जाऊन विचारून ठेवावे. घाईच्या वेळी ही चौकशी होत नाही.

मधमाश्यांबाबत नियम साधा आहे: आग्या मोहोळ दिसल्यास त्या झाडाच्या जवळपास थांबू नये, दगड मारू नये, धूर करू नये. माश्या उठल्याच तर तोंड झाकून दूर पळावे आणि खोलीत किंवा बंद वाहनात शिरावे. विजांचा काळ जूनमध्ये आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीकडे निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. अशा वेळी आपले ते सावलीचे मोठे झाड सर्वांत धोक्याची जागा असते. आणि उन्हाचे काय? फेब्रुवारीनंतर प्रत्येक मुलाकडे किमान एक लिटर पाणी, डोक्यावर टोपी किंवा रुमाल आणि शिक्षकांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटे असलीच पाहिजेत.

शेवटी एक मोठी सहल

दहा-बारा फेऱ्या झाल्यानंतरच ही सहल घ्यावी. तोपर्यंत मुलांना पाहण्याची सवय लागलेली असते आणि तुलना करण्यासाठी स्वतःची एक जागा असते. भुसावळजवळचे हतनूर धरण पक्ष्यांसाठी उत्तम आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी सूर्योदयाच्या सुमारास पोहोचल्यास चक्रवाक, तलवार बदक, हळदीकुंकू, वारकरी असे पाणपक्षी दिसतात. धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांतून केव्हाही विसर्ग वाढू शकतो, त्यामुळे त्या काळात खालच्या बाजूच्या तापीकाठावर वर्ग नेऊ नये.

चाळीसगाव तालुक्यातील शाळांना पाटणादेवी जवळ आहे. ते गौताळा अभयारण्यात येते, त्यामुळे वनविभागाची परवानगी लागते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख पाटण येथेच आहे, म्हणून आम्ही तेथे गणिताच्या शिक्षकांना आग्रहाने नेतो आणि काठीच्या सावलीवरून झाडांची उंची काढण्याचे काम त्यांच्याकडे देतो. यावल अभयारण्यात सागाबरोबर अंजन पाहायला मिळतो. तोरणमाळ हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि घाट चढताना झाडोरा कसा बदलतो हे खिडकीतूनही दिसते. साक्री तालुक्यातील बारीपाडा मात्र वेगळ्या कारणासाठी निवडावे. तेथील ग्रामस्थांनी स्वतः नियम करून जंगल राखले आहे, रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरवली आहे, आणि या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा गावात पाहुणे म्हणून जावे, आधी कळवून जावे आणि मुलांनी प्रश्न तयार करून न्यावेत.

एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची आणि शालेय सवलतीची चौकशी महिनाभर आधी करावी. मुक्कामी जात असल्यास मुलींसाठी स्वच्छतागृह असलेलीच जागा घ्यावी. पाण्यात उतरणे आणि कड्याजवळ सेल्फी, दोन्हींना पूर्ण बंदी असावी.

साहित्य आणि मूल्यमापन

सुतळी, मोजपट्टी, दहापट मोठे दाखवणारी सहा भिंगे, एक तापमापी, प्रथमोपचार पेटी, शिट्टी आणि वह्या एवढ्यावर वर्ष निघते. दुर्बीण असल्यास चांगलेच, नसल्यास काही अडत नाही.

गुण द्यायचे असल्यास वहीतील नोंदींची संख्या न पाहता, जूनमधील आणि एप्रिलमधील एकेक पान शेजारी ठेवून पाहावे. प्रश्न किती नेमके झाले, अंतर-वेळ-आकडा किती येऊ लागला, हे त्यात लगेच दिसते. वर्षाच्या शेवटी सगळ्या गटांनी मिळून आपल्या जागेची एक संकलित नोंदवही तयार करावी: कोणता पक्षी पहिल्यांदा केव्हा दिसला, सुगरणीची किती घरटी होती, नाल्याचे पाणी कोणत्या तारखेला आटले, पळस केव्हा फुलला. ती शाळेच्या कपाटात ठेवावी आणि जूनमध्ये पुढच्या तुकडीला पहिल्याच फेरीआधी वाचायला द्यावी. आमच्या कपाटात अशा सहा वह्या आहेत. नाला आटण्याची तारीख दर वर्षी वेगळी आहे, आणि या वर्षीची काय येईल याचा अंदाज नवीन पाचवी पहिल्याच आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते.